नाटक तेच, संच नवा: लंडनचं नाटक ब्रॉडवेला जाताना नट का बदलतात?

नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे शब्द दिसले की आपल्याकडचा मुरलेला प्रेक्षक आधी खालची नावं वाचतो, मग तिकिटाचा दर बघतो. ‘मूळ संचात’ असेल तर प्रश्नच नसतो, लगेच फोन करून जागा धरल्या जातात. एकच नाटक, तेच संवाद, तेच नेपथ्य, पण माणसं बदलली की प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, की हे त्यांना झेपणार का हो?

लंडन आणि न्यूयॉर्क या दोन शहरांत गेली कित्येक दशकं हाच प्रकार चालू आहे. लंडनमध्ये एखादं नाटक गाजतं, वर्ष-दोन वर्षांत ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जातं, आणि पुष्कळदा जाताना लंडनचे नट मागे राहतात. त्यांच्या जागी सिनेमा-टीव्हीवरचे नावाजलेले अमेरिकन चेहरे येतात. असं का होतं, त्यात कुणाचा फायदा आणि कुणाचं नुकसान, हे समजून घेण्यासारखं आहे. त्याचं कारण असं, की निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात नाटकानं भाषेची हद्द ओलांडण्याचा प्रकार लंडन-न्यूयॉर्कपेक्षा नवा नाही. आपण फक्त त्याचा हिशोब ठेवला नाही.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ‘वेस्ट एंड’ म्हणजे लंडनच्या मध्यवर्ती भागातली व्यावसायिक नाट्यगृहं. ‘ब्रॉडवे’ हा न्यूयॉर्कमधला एक रस्ता, पण नाटकाच्या भाषेत ब्रॉडवे म्हणजे टाइम्स स्क्वेअरच्या आसपासची पाचशे किंवा त्याहून जास्त आसनांची ४१ नाट्यगृहं. तिथे आपल्यासारखा आज दादर, उद्या ठाणे, परवा कोल्हापूर असा दौरा नसतो. नाटक एका थिएटरात बसतं आणि आठवड्याला आठ प्रयोग करतं. प्रेक्षक येत राहिले तर वर्षानुवर्षं चालतं, आटले की पडदा पडतो. नाट्यगृहाचं भाडं, तंत्रज्ञांचे पगार, जाहिरात हा सगळा खर्च न्यूयॉर्कमध्ये लंडनपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय लंडनच्या नॅशनल थिएटर, रॉयल कोर्ट अशा संस्थांना सरकारी अनुदान मिळतं, त्यामुळे नवं नाटक करून बघण्याची जोखीम तिथे घेता येते. न्यूयॉर्कचा निर्माता मग तयार, पारखलेला माल उचलतो. पण तो माल स्वतःच्या बाजारात विकायचा तर ओळखीचा चेहरा हवा, इथे खरी मेख आहे.

एक उदाहरण नीट बघू. यास्मिना रेझा या फ्रेंच लेखिकेचं ‘गॉड ऑफ कार्नेज’. दोन शाळकरी पोरांची मारामारी होते, एकाचे दात पडतात, आणि दोघांचे आईबाप समजुतीनं मिटवायला एका घरात बसतात. तासाभरात त्या चार सुशिक्षित माणसांची सगळी सभ्यता गळून पडते. २००८ मध्ये हे नाटक लंडनला इंग्रजीत आलं. दिग्दर्शक मॅथ्यू वॉर्कस, नट राल्फ फाइन्स, टॅम्सिन ग्रेग, जॅनेट मॅकटीअर आणि केन स्टॉट. पुढच्याच वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं. दिग्दर्शक तोच, नट मात्र चारही नवे: जेम्स गँडोल्फिनी, जेफ डॅनियल्स, मार्शिया गे हार्डन, होप डेव्हिस. ‘द सोप्रानोज’ मालिकेमुळे गँडोल्फिनी अमेरिकेच्या घराघरात पोचलेला होता. नुसते नट बदलून भागलं नाही, पॅरिसमध्ये राहणारी ती जोडपी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली झाली. नाटकाला सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी पारितोषिक मिळालं, चारही नटांना नामांकन मिळालं आणि हार्डनला अभिनेत्रीचं पारितोषिकही.

ब्रुकलिनच्या प्रेक्षकानं ते फ्रेंच नाटक म्हणून बघितलंच नाही, आपल्याच शेजारच्या बिल्डिंगमधली भांडणं म्हणून बघितलं. परक्या भाषेच्या नाटकात ओळखीचा नट आपला हात धरून आत नेतो, आणि मला वाटतं की नट बदलण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण हेच आहे. बाकी कारणं पैशाची.

तीही छोटी नाहीत. सिनेमाचा मोठा नट नाटकाला तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त वेळ देऊ शकत नाही. मग तेवढ्याच आठवड्यांत खर्च वसूल करायचा, म्हणजे तिकीट महाग. २०२५ मध्ये ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ झालं. हे लंडनहून आलेलं नव्हतं, तिथलीच निर्मिती, पण त्यात डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल होते. सगळ्यात महाग नेहमीचं तिकीट ९२१ डॉलर, म्हणजे जवळजवळ ऐंशी हजार रुपये. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकाला एवढा भाव संवादांमुळे आला नाही, हे सांगायला नको.

तिसरं कारण कामगार संघटनेचं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. अमेरिकेत रंगभूमीवरच्या नटांची ‘ॲक्टर्स इक्विटी’ ही जबरदस्त संघटना आहे. परदेशी नटाला ब्रॉडवेवर उभं राहायचं तर संघटनेची संमती लागते. तो आंतरराष्ट्रीय कीर्तीचा आहे असं दाखवावं लागतं, किंवा मग ‘तुमचा एक आमच्याकडे, आमचा एक तुमच्याकडे’ अशी अदलाबदल. इंग्लंडच्या संघटनेचंही साधारण असंच धोरण. यामागचा विचार सरळ आहे: नाटक आमच्या गावात पैसे कमावणार, तर पोट आमच्या नटाचं भरलं पाहिजे.

१९९० मध्ये या संमतीवरून मोठा राडा झाला. ‘मिस सायगॉन’ हे संगीत नाटक लंडनमध्ये तुफान चाललं होतं. त्यात जोनाथन प्राइस हा गोरा वेल्श नट अर्ध्या व्हिएतनामी वंशाच्या माणसाची भूमिका करायचा. अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या नटांनी विचारलं, आमच्या वाट्याला आधीच भूमिका मोजक्या, आणि ही सुद्धा गोऱ्यानंच करायची का? संघटनेनं प्राइसला नकार दिला. निर्माता कॅमेरॉन मॅकिंटॉश यानं न्यूयॉर्कचा प्रयोगच रद्द करण्याचं जाहीर केलं. कोट्यवधी डॉलरची आगाऊ तिकीटविक्री झालेली आणि पुष्कळ जणांचे रोजगार अडकलेले होते. संघटनेला माघार घ्यावी लागली, १९९१ मध्ये प्राइस ब्रॉडवेवर उभा राहिला आणि टोनीही घेऊन गेला. पण आशियाई नटांचा प्रश्न त्यानं चुकीचा ठरला नाही. आज तशी पात्रनिवड करायला कुणी धजावणार नाही.

उलट बाजूही आहे. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ हे संगीत नाटक १९९३ मध्ये लंडनला आलं तेव्हा प्रमुख भूमिकेत पॅटी लुपोन होती. ती स्वतः अमेरिकन, ब्रॉडवेला आपणच जाणार हे तिच्या करारात लिहिलेलं. तरी ब्रॉडवेवर भूमिका ग्लेन क्लोजला गेली. लुपोननं दाद मागितली आणि शेवटी मोठी रक्कम घेऊन तडजोड झाली. पहिल्या प्रयोगाचं जोखमीचं काम करायचं एकानं, आणि गाजल्यावर मिरवायचं दुसऱ्यानं, हे दुःख आपल्याकडच्या हौशी रंगभूमीवरच्या कलाकारांना समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गंमत: नॅशनल थिएटरचं ‘वॉर हॉर्स’ २०११ मध्ये न्यूयॉर्कला गेलं तेव्हा नट अमेरिकन घेतले, पण त्यात कुणी बडं नाव नव्हतं. तरी तिकिटं मिळेनात. कारण त्या नाटकाचा स्टार होता घोडा, वेत आणि कापडाचा, तीन माणसांनी आतून-बाहेरून हलवलेला. नाटक भारी असेल तर नाव लागत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरतं. मात्र अशी उदाहरणं मोजायला एक हातही पुष्कळ होतो.

आता आपल्याकडे येऊ.

‘संगीत संशयकल्लोळ’ कुणाला माहीत नाही? पण त्याचा प्रवास बघा. फ्रान्सच्या मोलिएरचं ‘स्गानारेल’, त्यावरून अठराव्या शतकात लंडनमध्ये आर्थर मर्फीनं लिहिलेलं ‘ऑल इन द राँग’, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी बेतलेला फाल्गुनराव. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत रूपात आणलं तेव्हा गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. पॅरिस ते लंडन, तिथून पुढे आपल्या गावात, आपल्या नावांत, आणि त्या काळच्या सगळ्यात मोठ्या स्टारच्या तोंडी. ‘गॉड ऑफ कार्नेज’नं नव्वद वर्षांनी तेच केलं. देवलांनीच ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ही नाटकं गाजवली ती शेक्सपिअरच्या नावावर नव्हे. लोक जोशींना बघायला यायचे.

आणि हे देवल तयार झाले कुठे? आपल्या बेळगावात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात. अण्णासाहेबांचा जन्म १८४३ चा, गुर्लहोसूरचा, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातलाच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं आणि मराठी संगीत नाटकाचा डोलारा सुरू झाला. त्यातल्या पदांना कानडी चाली होत्या. कन्नड मुलखात वाढलेल्या माणसाच्या कानात त्या बसलेल्या होत्या, दुसरं काय!

त्याच्याही मागे जा. १८४२ च्या सुमारास उत्तर कन्नडमधल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली आणि दरबारात खेळ केला. तो बघून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो एका अर्थानं कन्नड नाटक सीमा ओलांडून आलं त्याचा दिवस आहे. सीमा तेव्हा आजच्यासारखी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

हिशोब मात्र दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. मराठी कंपन्या पुढे धारवाड-हुबळी-गदगपर्यंत एवढ्या पसरल्या की कन्नड लेखकांना आपली रंगभूमी दबल्यासारखी वाटू लागली. गदगचे शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य, यांनी १८७० च्या दशकात कन्नड नाटक मंडळी उभी केली ती याच अस्वस्थतेतून. १९८० च्या दशकात ‘कॅट्स’, ‘ले मिझराब्ल’, ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ अशी लंडनची संगीत नाटकं ब्रॉडवेवर ठाण मांडून बसली तेव्हा न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांनीही ‘ब्रिटिश आक्रमण’ म्हणून बोटं मोडली होती. जिथून नाटक येतं त्यांना तो प्रसार वाटतो, जिथे येतं त्यांना ते अतिक्रमण वाटतं. आपण या दोन्ही भूमिकांत राहून आलोय, हे सीमाभागातल्या माणसानं तरी विसरू नये.

नटांची अदलाबदल तर आपल्याकडे संघटनेच्या ठरावाशिवायच चालायची. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर कन्नड घरातले. मराठी रंगभूमीवर त्यांनी गाण्यानं असं नाव काढलं की लोक त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हणू लागले. विजापूर भागातल्या बिळगीची गोहर कर्नाटकी कन्नड कंपनीत गाजलेली गायिका-नटी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती बालगंधर्वांच्या मंडळीत आली, आणि ज्या भूमिका बालगंधर्व स्वतः करत त्या भूमिकांत उभी राहिली. महाराष्ट्रानं तिचं गाणं ऐकलं, पण तिला मनापासून आपलं म्हटलं असं काही म्हणवत नाही. बालगंधर्वांच्या पडत्या काळाचा दोष तिच्या माथी मारणारे पुष्कळ होते. मोठ्या नटाच्या जागी बाहेरचं माणूस आलं की हे असं होतं, मग ते न्यूयॉर्क असो की पुणे.

पण लंडन-ब्रॉडवेच्या वाटेशी सगळ्यात जुळणारं आपलं उदाहरण म्हणजे ‘तुघलक’. गिरीश कार्नाड घरात कोंकणी बोलणारे, शिरसी-धारवाडला वाढलेले, लिहिणारे कन्नडमधून. १९६४ मध्ये त्यांनी ‘तुघलक’ लिहिलं. १९७० मध्ये मुंबईत अलेक पदमसींनी ते इंग्रजीत केलं आणि कबीर बेदी सुलतान झाला. मराठीत भाषांतर केलं विजय तेंडुलकरांनी, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, आणि तुघलक झाले आपल्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक.

इथे थोडं थांबून बघू. सरनाईक तेव्हा मराठी सिनेमाचे लाडके नायक. त्यांचे वडील शंकरराव सरनाईक संगीत नाटकातले नावाजलेले गायक-नट, म्हणजे रंगभूमी घरातलीच. तरी ‘लोकांचा हिरो’ अशी प्रतिमा असलेल्या माणसाच्या हाती दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवणारा, हुशार, एकाकी, क्रूर सुलतान देणं हा धोका होता. तो घेतला म्हणून एक कन्नड नाटक मराठी प्रेक्षकाला परकं वाटलं नाही. नावाजलेला चेहरा आणि अवघड नाटक यांची अशी सांगड बसली की स्टार घेणं म्हणजे तडजोड असं म्हणता येत नाही. पुढे विजया मेहतांनी ‘हयवदन’ आणि ‘नागमंडल’ मराठीत केली. ‘नागमंडल’ तर १९९३ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसच्या गथ्री थिएटरमध्ये अमेरिकन नटांनी केलं. धारवाडकडच्या लोककथांचा वास असलेलं नाटक तिथवर पोचलं.

मग आज काय परिस्थिती आहे?

आज आपल्याकडे नाटक येतं ते मुंबई-पुण्याहून. मराठी नाटकाचं गणित ब्रॉडवेच्या उलट आहे. एका जागी बसणं नाही, गाडीत बसणं आहे. कलाकाराला पैसे मिळतात ते नाईटप्रमाणे. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. प्रमुख नट सोमवार ते शुक्रवार मालिकेच्या शूटिंगला अडकलेला, म्हणून शनिवार-रविवारच हातात. मुंबई ते बेळगाव पाचशे किलोमीटर. सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, जेवण, लॉज, हा खर्च एका प्रयोगात निघत नाही, म्हणून कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याचा प्रयोग जोडून मिळाला तरच कॉन्ट्रॅक्टर बेळगावची तारीख घेतो. त्यालाही पहिला प्रश्न ठरलेला: कोण आहे नाटकात? टीव्हीवर दिसणारं नाव नसेल तर नाटक कितीही चांगलं असू दे, तारीख मिळत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, पैसे त्याचे अडकतात.

निपाणीकरांची अडचण आणखी वेगळी. हायवेला लागलं की कोल्हापूर जवळ, म्हणून चांगलं नाटक बघायचं तर बरेच जण कोल्हापूर गाठतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी उभारलेलं, शंभरी ओलांडलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आगीची झळ कर्नाटकातल्या मराठी प्रेक्षकालाही बसली, हे महाराष्ट्रातल्या बातम्यांत कुठे फारसं दिसलं नाही. नाट्यगृहाची हद्द राज्याच्या हद्दीएवढी नसते.

२०१५ च्या फेब्रुवारीत बेळगावात ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन झालं, अध्यक्षपदी फैय्याज होत्या. त्याच्या तीन महिने आधी, १ नोव्हेंबर २०१४ ला, शहराचं नाव सरकारी कागदावर ‘बेळगावी’ झालेलं. साहजिकच संमेलनात सीमाप्रश्न आला, तो यायलाच हवा होता. पण इथल्या मराठी नटानं काय करायचं, त्याला कुठल्या निर्मितीत काम मिळणार, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे, आणि तो भाषणांत मागे पडतो. आपल्याकडचे चांगले कलाकार स्पर्धेच्या एकांकिका करतात, बक्षिसं घेतात, मग एकतर मुंबईची गाडी धरतात नाहीतर नोकरी धरून नाटक सोडतात.

ब्रॉडवेकडून उचलायचं असेल तर त्यांची एक साधी पद्धत आहे. लंडनहून दिग्दर्शक येतो, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेचा आराखडा येतो, आणि नट तिथले घेतले जातात. ‘वॉर हॉर्स’च्या वेळी हेच झालं. मुंबईच्या निर्मात्यानं बेळगाव-कोल्हापूर-गोवा पट्ट्यासाठी दोन मोठी नावं आणावीत आणि बाकीच्या चार-पाच भूमिका इथल्या नटांना द्याव्यात, हे अशक्य आहे का? तालमींचा खर्च वाढेल, पण बसमधल्या सीटा आणि लॉजच्या खोल्या कमी होतील. हिशोब करून बघायला कुणाची हरकत नसावी.

आणि नाटकं? त्यासाठी फार लांब जायला नको. ज्ञानपीठ मिळालेले चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. त्यांचं ‘जोकुमारस्वामी’ ज्या सणावर उभं आहे तो भाद्रपदातला जोकुमार, डोक्यावरच्या बुट्टीत मातीची मूर्ती घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका, हे आपल्याकडच्या मराठी घरांनीही दारात उभं राहून बघितलंय. पुण्याच्या प्रेक्षकाला त्यासाठी टीप लागेल, आपल्याला लागणार नाही. ब्रुकलिनसारखं गाव बदलण्याचीही गरज नाही. नाव असलेला एक मराठी नट आणि इथल्या बोलीत उतरवणारा एक लेखक मिळाला, की बाकीचा संच हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, खानापूर इथूनच भरता येईल.